आभाळापेक्षा गार

बसा. असं आगटीजवळ सरकून बसा, धूर लागला तरी चालेल. मी आता थकले आहे, भराभर सांगता यायचं नाही. पण सुरुवातीपासून सांगते.

त्या दिवशी आम्ही नायट्रोजन आणायला आखाडा बाळापूरला गेलो होतो. दर आठ-दहा दिवसांनी जावंच लागायचं. जनावरांच्या दवाखान्यात वळूचं रेत गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन येतो. तिथल्या डॉक्टरांशी ओळख झाली होती, त्यांच्याकडे उरलेला ते मला द्यायचे. गाडी मी चालवायची, आणि मागे बसून हरिचंदकाका ते पिंपासारखं भांडं दोन्ही हातांनी मांडीवर धरायचे. खड्डा आला की ते आधी भांडं सांभाळायचे, मग स्वतःला.

बाजारात चहाला थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्यानं भांड्याकडे बघून विचारलं, "काय हरिचंद, कोणाची गाय माजावर आली?"

"गाय न्हाई," काकांनी अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "बाईंचं आभाळ माजावर आलंय."

सगळं हॉटेल हसलं. मीही हसले. हरिचंदकाका पन्नाशीचे, उंच, वाळक्या अंगाचे. माझ्या यंत्राची राखण त्यांच्याकडे होती. यंत्र होतं त्यांच्याच तांड्यावरच्या माळावर, बाळापूरपासून वीसेक किलोमीटर आत.

मी गुंजन. माझे वडील व्यंकटराव हिंगोलीत कचेरीत कारकून होते. मी बारावीनंतर घराबाहेर पडले आणि नऊ वर्षांनी परत आले, त्यातली शेवटची पाच हॉलंडमध्ये गेली. परत आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "एवढं शिकलीस ते माळावर भोंगा लावायला?"

तसा तो भोंगाच होता. पत्र्याचा, चौकोनी तोंडाचा, माणसाएवढा. तांड्यात त्याला 'मुका भोंगा' म्हणत, कारण तो बोलत नसे, नुसता ऐकत असे.

तो काय ऐकत होता ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विश्व जन्मलं तेव्हा फार तापलेलं होतं. ती ऊब अजून पुरती गेलेली नाही. विरत विरत ती आकाशभर पसरली आहे, भोंगा कुठेही वळवा, ती आहेच. आमच्या मोजपट्टीत शून्य म्हणजे ज्याच्या खाली काही नाही असा गारठा. द्रव नायट्रोजन सत्त्याहत्तर. बर्फ दोनशे त्र्याहत्तर. जिवंत माणूस तीनशे दहा. आणि रिकामं आकाश पावणेतीन. हे पावणेतीन अंश म्हणजे विश्वाच्या लहानपणाची उरलेली धग. तिच्यात लाखाव्या भागाइतका कमीजास्तपणा सापडला, तरी त्या पहिल्या काळाचा माग लागतो. मी तो माग काढत होते.

हॉलंडमधल्या माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, हे काम उंचावरच्या बर्फाळ वाळवंटात करतात. मी म्हटलं, आकाश सगळीकडे एकच आहे. आमच्याकडेही हिवाळ्यात हवा कोरडी असते, आणि आमच्या आश्रमशाळेतल्या पोरांना त्यांच्या डोक्यावर काय आहे हे कधी कुणी सांगितलेलं नाही. हे मी अगदी याच शब्दांत म्हणाले होते, आवाज चढवून. आता आठवलं की खाली बघावंसं वाटतं.

यंत्राचा आकडा खरा येतो की नाही हे रोज बघावं लागतं. नायट्रोजनमध्ये बुडवलेला काळा स्पंज भोंग्यापुढे धरला की सत्त्याहत्तर आलं पाहिजे. तो नायट्रोजन दर वेळी खर्च करणं परवडत नसे, म्हणून सकाळी मी नुसता तळहात धरायची. तीनशे सहा. हात अंगापेक्षा थोडा गार असतो. रोज तीनशे सहाच. हरिचंदकाका त्याला 'बाईंचा नमस्कार' म्हणायचे.

डिसेंबरचा पहिला आठवडा असा गेला. आकडे चांगले येत होते, एक गोष्ट सोडून.

रोज तिन्हीसांजेला भोंगा आपोआप आडवा होत पश्चिमेच्या कडेपर्यंत खाली यायचा. मधल्या हवेची ऊब किती, ते मोजून वजा करायला. नेमक्या त्या वेळी, यंत्राशेजारच्या माझ्या खोपटातल्या पडद्यावरच्या रेघेत एक उंचवटा दिसायचा. मी तारा तपासल्या, बॅटरी बदलली. मग एका संध्याकाळी मान वर करून बघितलं, तर समोर तीसेक पावलांवर, माळाच्या उताराशी असलेल्या चपट्या दगडावर, हरिचंदकाका गोवऱ्या पेटवत होते.

"काका, ही आगटी रोज लावता?"

"रोज."

"पण शेकायला इथं कोण येतं? तांडा तर खाली आहे."

"येतेत," काका म्हणाले. त्यांनी खिशातून चिमूटभर खडेमीठ काढून जाळावर टाकलं. ते तडतडलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. निजामाच्या काळात एका दुष्काळी साली एक लदेणी मीठ घेऊन या माळावर आली. एकशे चाळीस बैल, अकरा माणसं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याला चुकवून आणलेलं मीठ. थंडी मरणाची होती आणि वरून पाऊस. या दगडावर काकांच्या खापरपणजोबांनी आगटी केली होती. लदेणीच्या म्होरक्यानं विनवलं, विझव, नाक्यावाल्यांना दिसेल. त्यांनी विझवली. सकाळी माळावर कुणी नव्हतं. बैल न्हाई, माणूस न्हाई, गोण न्हाई. चिखलात खूरसुद्धा उमटलेला नव्हता.

"तवापासून आमच्या घरातलं कोणी ना कोणी लावतं. ज्यानं विझवली त्यानंच लावायची."

मला ती गोष्ट फार आवडली. वहीत उतरवूनही घेतली. आणि मग समजावून सांगितलं की निखाऱ्यांच्या धगीमुळे माझी मोजणी बिघडते. चाळीस दिवस आगटी नको. तिच्याऐवजी मी सौर दिवा लावून देते, रात्रभर जळेल, कोसभरावरून दिसेल. यातून काही निष्पन्न झालं तर शोधनिबंधावर तांड्याचं नाव छापीन, असंही बोलले.

जिवनबाई मावशी, म्हणजे काकांच्या घरच्या, भाकरी घेऊन वर आल्या होत्या. मी लावून दाखवलेल्या दिव्याकडे त्या बघत राहिल्या. त्यांच्या ओढणीवरच्या आरशांत तो पांढरा उजेड पडला होता.

"उजेडाला काय ऊब असते का, माय?"

"मावशी, चुकलेल्याला वाट दाखवायला उजेडच लागतो ना?"

मी हसून म्हणाले. माझं सगळं शिक्षण न दिसणाऱ्या उबेचं होतं. त्या माळावर ऊब आणि उजेड यातला फरक कुणाला कळायला हवा होता, तर तो मला.

"शिकलेलं लेकरू हाय," काका बायकोला म्हणाले. "सांगून राहिलं तर ऐकावं. चाळीस दिवसांचा तर सवाल हाय."

"तुमच्या आज्याच्या आज्यानं बी ऐकलंच व्हतं," मावशी म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

पहिल्या संध्याकाळी उंचवटा गेला. रेघ इतकी स्वच्छ आली की मी टाळी वाजवली. मग ती खाली बुडाली.

छोटासा खड्डा, तीन सेकंदांचा. पुन्हा वर. पुन्हा खड्डा. ठरावीक अंतरानं, एकामागून एक, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ. भोंग्याच्या पुढ्यातून काही गेलं तर आकडा वर जायला हवा. माणूस गेला तर तीनशे दहाकडे, कुत्रं गेलं तरी तसाच. ढग आला तरी आकाशाहून उबदारच. इथे आकडा खाली जात होता. पावणेतीनच्याही खाली. जवळजवळ शून्य.

असं काही नसतं. उघड्यावर पडलेली कोणतीही वस्तू कितीही काळ गार होत राहिली, तरी आकाशाची धग तिला पावणेतीनच्या खाली जाऊ देत नाही. मी तीन दिवस यंत्रात दोष शोधला. जोडण्या उघडल्या, पुन्हा बसवल्या. नायट्रोजन बरोबर सत्त्याहत्तर दाखवत होता. सकाळी तळहात तीनशे सहा. तिन्हीसांजेला खड्डे.

तिसऱ्या दिवशी मी ते मोजले. एकशे एक्कावन्न. उठून पाणी प्यायले आणि पुन्हा मोजले.

काकांना मी काही सांगितलं नाही. पण ते त्या दिवसांत दगडाकडे पाठ करून बसत नसत.

चौथी संध्याकाळ. सूर्य बुडाला होता, पश्चिमेला अजून पिवळट उजेड होता, माळावरचा दगड न् दगड दिसत होता. म्हणजे अंधारानं भास झाला असंही म्हणता येत नाही. मी खोपटाच्या दारात पडद्यासमोर, काका माझ्या डाव्या हाताला उकिडवे, विडी ओढत. भोंगा आडवा झाला. रातकिडे ओरडत होते, ते एकदम थांबले. मग वास आला. ओल्या गोणपाटाचा, आणि खूप चाललेल्या बैलाच्या तोंडच्या फेसाचा. डिसेंबरात, कोरड्या माळावर, ओल्या गोणपाटाचा.

काकांची विडी विझली. त्यांनी काडी ओढली. ती पेटली आणि वारा नसताना विझली. दुसरीही.

पडद्यावर खड्डे सुरू झाले. मी समोर बघितलं. काही नव्हतं. उतार, दगड, त्यावर माझा पांढरा दिवा. दिवा जळत होता, पण त्याचा उजेड दगडाच्या पलीकडे पोचत नव्हता.

ऐंशीएक खड्डे झाले असतील. पुढचा तीन सेकंदांत संपला नाही. रेघ खाली गेली आणि खालीच राहिली.

"थांबले," काका हळूच म्हणाले. पडदा त्यांना दिसत नव्हता.

"कोण, काका?"

"शेकून पुढं जातेत रोज. आज चार दिस झाले... जाळ न्हाई." ते उठले. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या गोवऱ्या त्यांनी उचलल्या. म्हणजे त्यांनी त्या टाकून दिल्या नव्हत्याच. "मी आगटी लावतो, बाई. तुमचा आकडा बिघडला तर बिघडू द्या."

आता मी जे म्हणाले ते सांगते. ते मी पोलिसांना सांगितलं नाही, वडिलांना सांगितलं नाही. फक्त मावशींना सांगितलं.

मी म्हणाले, "काका, दहा मिनिटं थांबा. एवढी मोजणी पूर्ण होऊ द्या."

मला भीती वाटत होती. आणि तरी मला ती रेघ हवी होती. आकाशापेक्षा गार असं काहीतरी माझ्या भोंग्यासमोर उभं होतं, आणि जगात ते दुसऱ्या कुणी कधी मोजलेलं नव्हतं.

काका थांबले. गोवऱ्या छातीशी धरून, घड्याळाकडे न बघता, माझ्या शब्दासाठी थांबले. दहा मिनिटं झाली तेव्हा मी मान हलवली. ते दगडाकडे चालत गेले. उजेड अजून होता, त्यांची पाठ मला दिसत होती. ते वाकले. काडी ओढल्याचा आवाज आला.

मी क्षणभर पडद्याकडे बघितलं. रेघ एकदम वर उसळली होती. तीनशे दहा. तीन सेकंद. मग पुन्हा खड्डा, मग पुढचा, मग पुढचा. लदेणी चालू लागली होती.

मी वर बघितलं. दगडावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. काडेपेटी होती. काका नव्हते.

शोध सगळ्यांनी घेतला. तांडा रात्रभर टॉर्च घेऊन फिरला, विहिरी बघितल्या, पोलीस आले, कुत्रं आणलं. कुत्रं दगडापर्यंत गेलं आणि पोट जमिनीला लावून बसलं. दगडापासून पुढे चपलेचा ठसाही नव्हता. कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं घर सोडून गेला. आठ दिवसांनी लोक आपापल्या हरभऱ्याकडे वळले.

मी यंत्र बंद करणार होते. पण दुसऱ्याच संध्याकाळी भोंगा आपोआप खाली आला आणि मी पडद्याकडे बघितलं. एकशे बावन्न. आणि त्यांत एक खड्डा नव्हता, उंचवटा होता. तीनशे सहा.

तिसऱ्या दिवशी तीनशे एक.

चौथ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. दहा मिनिटांसकट. वाटलं, मारतील, शिव्या देतील, तांडा गोळा करतील. त्या चुलीपुढे बसून होत्या. चुलीतलं लाकूड त्यांनी आत सारलं. मग विचारलं, "ते आकडे... त्याचेच हायेत?"

"वाटतं तसं."

"म्हंजे गार होऊन राहिला. मेला न्हाई."

त्या उठल्या आणि गोवऱ्यांचं टोपलं भरायला लागल्या.

तेव्हापासून आम्ही दोघी इथे आगटी लावतो. ही तीच. जाळ मोठा असेल त्या दिवशी त्याचा आकडा दोन-तीननंच उतरतो. एकदा पाऊस पडला, गोवऱ्या भिजल्या, तर तीसनं उतरला. चाळीस दिवसांची मोजणी, तो लाखावा भाग, सगळं कधीच सोडून दिलं. पत्रं येतात तिकडून, मी उघडत नाही. जाळ आता इतका मोठा असतो की आकाश मोजायचं म्हटलं तरी मोजता येणार नाही. त्यातून मी एकच आकडा शोधते, त्र्याऐंशीव्या आणि चौऱ्याऐंशीव्या खड्ड्याच्या मधला.

मावशी रोज सकाळी वर येतात आणि खोपटाच्या दारातूनच विचारतात, "आज किती?"

मी सांगते. खोटं एकदाच बोलले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खरं सांग, माय. आधीच एकदा ऐकलंय तुझं." त्यानंतर त्या अंक वाचायला शिकल्या. पन्नास वर्षांत शाळेची पायरी न चढलेली बाई, पंधरा दिवसांत माझ्या पडद्यावरचे आकडे वाचायला लागली. दोनशे त्र्याहत्तरच्या खाली गेला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथं पाण्याचं बरफ होतं ना?" मी हो म्हटलं. त्या गेल्या आणि काकांची घोंगडी आणून जाळाजवळ पसरून ठेवली. अजून ती तिथेच आहे, तुमच्या मागे. नको, तिच्यावर बसू नका.

जानेवारी असा गेला. दोनशे चाळीस. दोनशे. एकशे साठ. मी झोपते कमी, धूर छातीत बसला आहे. वडील येऊन गेले, म्हणाले, घरी चल, अंगात काही उरलं नाही तुझ्या. मी गेले नाही.

परवा संध्याकाळी आकडा होता एकशे अठरा.

काल सकाळी मी सवयीनं भोंग्यापुढे तळहात धरला. दोनशे एक्याण्णव.

रोजच्या तीनशे सहाला पंधरा कमी. थंडी होती, म्हणून हात चोळले, पुन्हा धरला. दोनशे एक्याण्णव. स्पंज काढला, नायट्रोजन ओतला. बरोबर सत्त्याहत्तर. यंत्रात काही बिघाड नव्हता.

काल तिन्हीसांजेला खड्डे सुरू झाले. त्र्याऐंशी झाले आणि रेघ वर उसळली. एकशे तेहेतीस. पंधरानं जास्त.

पावणेदोन महिन्यांत पहिल्यांदा तो आकडा वाढला होता. मावशी माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी स्वतः वाचला. "वाढला! अगं माय, वाढला की गं!" त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. आणि तशाच थांबल्या. माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढे गार काहून..." त्या म्हणाल्या. हात सोडले, आणि जाळावर आणखी दोन गोवऱ्या ठेवल्या. मला मात्र त्यांनी जाळाजवळ ये म्हटलं नाही.

ही आज सकाळची गोष्ट. मावशी नेहमीच्या वेळेला वर आल्या. रात्री झोपल्या नसाव्यात, पण केस विंचरलेले होते, ओढणी नवी होती. दारात उभ्या राहिल्या. आज किती, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या आवाजात काळजी होती की दुसरं काही, ते मला अजून ठरवता येत नाही.

"माय," त्या म्हणाल्या, "हात धर बरं भोंग्यापुढं."

मी धरला. पडद्याकडे मी बघितलं नाही. आकडा त्यांनीच वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. आणि मग काकांची घोंगडी उचलून, झटकून, जाळाच्या आणखी जवळ पसरली.